मेलेल्यांना उठवणारी घंटा

मी एक जुनी काशाची घंटा आहे. शाळा सुटल्यावर वाजते तसली नव्हे, मित्रांनो. मेलेल्या माणसाच्या उशाशी मला एकदा वाजवलं की तो उठतो, एका प्रश्नाचं उत्तर देतो आणि कायमचा गप्प होतो. दुसऱ्यांदा तो उठत नाही. मेलेल्याला खोटं बोलता येत नाही. जिवंतांचं मात्र काही विचारू नका!

ज्या ओताऱ्याने मला घडवलं, त्याने माझा पहिला नाद ऐकून डोळे पुसले होते. पुढे मी उठवणाऱ्या बाईंच्या हाती आले. चाळीस वर्षं गावाने आम्हा दोघींचं कौतुक केलं. खोलीत बाई आणि प्रेत, तिसरं कुणी नाही. उत्तर काय आलं ते बाई बाहेर येऊन सांगत. बरेचदा भलतंच सांगत. कुणाला तारायचं, कुणाला बुडवायचं, हे त्याच ठरवत. मी मुकाट लटकत राहायचे.

बाईंच्या शिष्याने एकदा दाराआडून खरं उत्तर ऐकलं. "उद्या पंचांना सांगणार," म्हणाला बिचारा, तेही बाईंनाच! बाईंनी मला उचललं आणि त्याच्या डोक्यात घातलं. माझ्या काठाला पोचा आहे ना, तो तेव्हाचा.

आळ आला त्याच्या जिवलग मित्रावर. परमुलखातला, बोली वेगळी, रंग वेगळा. पंचांना आणखी काय हवं होतं? शिष्याची धाकटी बहीण मात्र हटून बसली. ती लहानपणीच बहिरी झालेली, ओठ वाचून बोलणारी. "दादाला मीच विचारणार," म्हणाली. पंचांनी होकार दिला.

पंच बाहेरच थांबले. खोलीत बाई तिच्याकडे तोंड करून मायेने म्हणाल्या, "आधी पाणी विचारावं गं बाळ. रीत आहे. तो प्रश्न मोजत नाहीत."

अशी कसलीही रीत नव्हती. मी वाजले. पोरीने विचारलं, "दादा, तहान लागलीय का रे?"

"नाही," तो म्हणाला. संपलं! त्याचा आवाज गेला.

पण ओठ हलत राहिले. चाळीस वर्षं बाईंनी मेलेल्यांचं नुसतं ऐकलं होतं, ओठांकडे कधी पाहिलंच नव्हतं. पोरीने पाहिलं. "बाईंनी मारलं. घंटेनं."

ती ओरडत बाहेर धावली. पंच हसले. "बहिरीला म्हणे ऐकू आलं!" मित्राला जन्मभराची कोठडी मिळाली.

पोरगी दातओठ खात थांबली. बाई कधीतरी मरणारच होत्या, आणि मेल्यावर खरं बोलणारच होत्या. सात वर्षं ती रोज खिडकीतून मला बघून जायची.

आज सकाळी बाई गेल्या. जाताना सांगून गेल्या, "माझ्यामागे घंटा वितळवा." लोक म्हणाले, किती मोठं मन!

आता मी भट्टीपाशी आहे. मला घडवणाऱ्याचाच नातू भाता मारतो आहे. पोरीने त्याचे पाय धरले आहेत. "काका, एकदाच वाजवू द्या हो. बाई अजून घरातच आहेत."

"शेवटची इच्छा आहे गं त्यांची," तो हळहळून म्हणतो.

मित्रांनो, जुनी वस्तू मोडीत काढण्याआधी एकदा तरी वाजवून बघत जा. बाईंचं घर इथून चाळीस पावलांवर आहे. त्याने मला चिमट्यात धरलं आहे, नेमकं पोच्यावर. अशी धरलेली घंटा वाजत नाही.