नीट वाचून

तुरुंगात घण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कैद्याने न्हाव्याला मारलं तेव्हा शिंपी शेजारच्या नळावर शर्ट पिळत होता. मोज्यात साबणाच्या चार वड्या कोंबून केलेलं ते हत्यार एकदा खाली आलं आणि न्हाव्याचा जबडा एका बाजूला सरकला. दुसऱ्यांदा आलं तेव्हा दात फरशीवर सांडले. "मी नव्हतो रे, आईशपथ मी नव्हतो," असं न्हावी रक्ताच्या गुळण्या टाकत म्हणत होता. तो खरं बोलतोय हे तिथल्या वीस जणांत एकट्या शिंप्याला ठाऊक होतं. घणाविरुद्ध जबाब त्यानेच दिला होता.

गेल्या वर्षी घणाने तुरुंगाच्या स्वयंपाकघरात आचाऱ्याच्या तोंडावर उकळतं पाणी ओतलं. आचाऱ्याचा डोळा गेला. पाहणारे पंधरा होते, पण सगळ्यांची दातखीळ बसली. शिंप्याला त्या किंकाळ्या आठवडाभर झोपू देईनात, म्हणून तो जेलरसाहेबांकडे जाऊन पाहिलं तेवढं सांगून आला. नाव बाहेर जाणार नाही, साहेब म्हणाले. घणाची शिक्षा सात वर्षांनी वाढली आणि तो सांगणाऱ्याला शोधू लागला. आधी धोब्याच्या बरगड्या मोडल्या, मग माळ्याची दोन बोटं, आता हा न्हावी. तिघांनीही 'पाय घसरून पडलो' असं लिहून दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि शिंपी मूग गिळून बसला होता. त्याला स्वतःची किळस यायची. पण सुटायला वर्ष उरलं होतं आणि बाहेर बायको वाट पाहत होती.

त्याच सुमाराला तुरुंगात नवं खूळ आलं. एक निवृत्त शिक्षिका आठवड्यातून तीनदा यायच्या. सगळे त्यांना बाई म्हणायचे. लिहिता-वाचता येणाऱ्या आठ कैद्यांना त्या शिकवायचं कसं ते शिकवत होत्या, म्हणजे पुढे त्यांनी इतरांना शिकवावं.

"शिकणाऱ्याच्या पाठीमागे उभं राहायचं नाही," बाई म्हणाल्या. "इथे पाठीमागून माणूस कशाला येतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. शेजारी बसा. शब्द अडला तर सांगून टाकू नका, मनात दहा मोजा. आणि काय वाचायचं ते शिकणाराच ठरवेल. दाढीमिशावाल्या माणसाला बदकाची गोष्ट वाचायला दिलीत, तर तो पाटी तुमच्याच डोक्यात घालेल."

शिंपी या कामात तरबेज निघाला. आयुष्यभर सुईत दोरा ओवलेला माणूस, चिकाटीला तोटा नव्हता.

शिकणारे निवडायच्या दिवशी घण आला आणि कागदांचं बाड टेबलावर आपटलं.

"मारून मारून दमलो," तो म्हणाला. "दर वेळी माणूस चुकतो. वकिलाने कागद दिलेत, कोण बोललं ते यात आहे म्हणे. दुसऱ्याकडून वाचून घेतलं तर तो आपल्या सोयीचं वाचणार. आता मीच शिकतो आणि नीट वाचून मारतो. ए शिंप्या, तू गरीब दिसतोस. तूच शिकव."

शिंप्याने पानं चाळली. चौथ्या पानावर त्याचा जबाब होता. ऑफिसातल्या कुणीतरी त्याचा कैदी नंबर काळ्या शाईने जागोजागी खोडला होता. इथे माणूस नंबराने ओळखला जातो, नाहीतर धंद्याने, त्यामुळे तेवढं केलं की झालं असं त्यांना वाटलं असणार. नाव तसंच राहिलं होतं, आईबापांनी ठेवलेलं, पूर्ण, आडनावासकट. नाही म्हणावं तर घण कारण विचारणार. तो शेजारी बसला.

सहा महिने शिकवणी चालली. घणाने पेन्सिली मोडल्या, टेबलाची फळी फोडली, एका जोडाक्षरापायी स्वतःचं कपाळ भिंतीवर आपटून रक्त काढलं. दोनदा शिंप्याच्या कानाखालीही बसली. चुकीचं शिकवावं, असं एकदा मनात येऊन गेलं. पण मुद्दाम उसवेल असं शिवायची त्याला सवय नव्हती. शिवाय शरमेची गोष्ट अशी, की घणाची ओळ न अडखळता पुरी झाली की त्याला आनंद व्हायचा.

तिसऱ्या पानावर घण वाचत होता, "उ-क-ळ-तं पाणी... तोंडावर... ओतलं." तो थांबला. "हे मी केलेलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "शिवी दिली होती त्याने मला," आणि पान उलटलं.

चौथं पान तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचं जाडजूड बोट नावाखाली येऊन थांबलं. शब्द अडला. शिंपी मनात मोजू लागला. सातावर असताना घणाने नाव वाचलं. मग आडनाव वाचलं. एकही चूक केली नाही.

"हा कोण?"

त्या नावाने या भिंतींच्या आत कुणीच कधी हाक मारली नव्हती.

"तो पुस्तकं वाटणारा म्हातारा," घण म्हणाला. "रोज ऑफिसात जातो. त्याचंही नाव कुणाला माहीत नाही. तोच." त्याने बसायचं स्टूल उचललं आणि त्याचा एक पाय उपटून काढला. म्हातारा समोरच्याच खोलीत पुस्तकांना डिंक लावत बसला होता. सत्तरीचा माणूस. एका फटक्यात संपला असता.

"बस खाली," शिंपी म्हणाला. "ते माझं नाव आहे."

घणाला ते समजायला एक क्षण लागला. मग पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. शिंप्याने उजवा हात आडवा घातला तेव्हा बोटं मोडल्याचा आवाज त्यालाच ऐकू आला. तो खाली पडला आणि घण लाथा घालत राहिला, पोटात, पाठीत, पुन्हा पोटात. "सहा महिने! सहा महिने शेजारी बसलास, हरामखोर!" असं ओरडताना घण चक्क रडत होता. चार शिपायांनी त्याला ओढून काढलं.

पाचव्या दिवशी बाई तुरुंगाच्या दवाखान्यात आल्या आणि खाटेशेजारी बसल्या. शिंप्याचा जबडा तारेने बांधलेला होता. बाईंच्या हातात घणाच्या एकांतकोठडीतून आलेली चिठ्ठी होती, वाकड्या पण ठसठशीत अक्षरांतली.

'तू सुटायच्या आधी मी कोठडीतून सुटेन. बाकी कुणाला हात लावणार नाही. तू एकटाच.'

"हे साहेबांना द्यायलाच हवं," बाई म्हणाल्या. "ते तुमचा जबाब घेतील."

शिंप्याने नकारार्थी मान हलवली. चिठ्ठी डाव्या हातात धरून त्याने दुसऱ्यांदा वाचली, मग तिसऱ्यांदा, एकेका शब्दाखाली बोट ठेवून. त्याला मरणाची भीती वाटत होती. त्याने बाईंकडे खुणेने पेन मागितलं आणि डाव्या हाताने कसंबसं चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहिलं, 'पास.'