आवाज न करणारा पंखा

घुम्याचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतंच उरलं होतं. लहानपणी पाहुणे आले की हा तोंड उघडायचा नाही, म्हणून बापानंच हे नाव ठेवलं आणि ते चाळिशीपर्यंत चिकटून राहिलं. बाप स्वतः मात्र बोलघेवडा. रांगेत उभा केला तरी पुढच्यामागच्यांशी घरोबा करून मोकळा व्हायचा. अशा माणसाची वाचा जावी आणि त्याचा एक शब्द ऐकायला घुम्यानं तिष्ठत बसावं, हा नशिबाचा चावटपणाच म्हणायचा.

झटका येऊन वर्ष होत आलं होतं. उजवी बाजू गेली, मान वळेना, आणि तोंडातून चकार शब्द नाही. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाई दर वेळी धीर देत.

"घसा ठीक आहे, त्यांना समजतंयही सगळं. आवाज फुटेल. पण सुरुवातीला अगदी बारीक असेल हं, कान देऊन बसावं लागेल," असं म्हणून एक दिवस त्यांनी कपाळाला आठी घातली. "आणि हे पलीकडे काय घुरघुरतंय एवढं?"

घुरघुरत होता घुम्याचा कॉम्प्युटर. एकाच खोलीचे मध्ये प्लायवूड घालून दोन भाग केलेले, अलीकडे बाबांची कॉट, पलीकडे घुम्याचं टेबल, दोन्हींना घरातल्या बोळातून वेगळं दार. प्लायवूड छतापर्यंत पोचतच नव्हतं. अजून न बांधलेल्या इमारती बांधल्यासारख्या दाखवायच्या, हा घुम्याचा धंदा. एकेका खिडकीची सावली काढताना प्रोसेसर तापायचा आणि त्यावरचा चिमुकला पंखा जीव खाऊन ओरडायचा. त्या गोंगाटात बाबा एखादा शब्द बोलून गेले असतील आणि आपण तो ऐकलाच नसेल, हा विचार घुम्याला सोडेना. तो त्याच दिवशी दुकानात गेला.

"गेम खेळता का?" दुकानदारानं विचारलं.

"नाही. घरात शांतता हवी आहे."

"मग लग्न केलेलं नसावं तुम्ही," दुकानदार हसला आणि त्यानं फळीवरून एक भलं मोठं खोकं खाली काढलं.

आत प्रोसेसर गार ठेवणारा पातळ पत्र्यांचा मनोरा होता, त्यातून तांब्याच्या नळ्या गेलेल्या, दोन्ही अंगांना रुंद, संथ फिरणारे पंखे. घुम्यानं जुना पंखा काढला, प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळली होती ती पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली आणि मनोरा बसवला. तो इतका उंच निघाला की पेटीचं झाकणच बसेना. राहू दे उघडं, म्हणाला. मशीन चालू केलं आणि पंखे फिरताहेत की नाही हे बघायला त्याला तळहात पुढे धरावा लागला. वारा लागत होता, आवाज नव्हता. स्वयंपाकघरातला ठिबकणारा नळ ऐकू आला. मग पलीकडून बाबांचा श्वास. घुम्याला रडूच आलं.

त्यानंतर तो जिवाचा कान करून काम करू लागला. बाबा खोकले की धावायचा. कॉट करकरली की धावायचा. "बाबा, काही म्हणालात?" बाबा छताकडे बघत राहायचे.

बाबांचं सगळं करायला दिवसभर एक मावशी येत. त्यांच्याकडे घराची किल्ली होती. एका सकाळी घुम्यानं चपला धुऊन गॅलरीत टाकल्या होत्या आणि आपलं दार लावून तो कामात गढला होता. मावशी आल्या, बाबांना उठतं करून बसवलं, वाटीत चमचा वाजला.

"घुम्या बाहेर गेलाय वाटतं," पलीकडून कोणीतरी म्हणालं.

जड, किंचित अडखळता, पण स्वच्छ. बाबांचा आवाज.

"गेले असतील. चपला नाहीत, मशीनही बंद," मावशी म्हणाल्या. "नाहीतर गिरणी चालूच असते."

"गिरणी परवडली. पीठ तरी मिळतं."

मावशी खळखळून हसल्या. घुम्या ताडकन उठला, दाराशी पोचला. आनंदानं त्याला काही सुचत नव्हतं. कडीला हात लावला आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात शिरलं की मावशींना या आवाजाचं नवल वाटलेलं नाही.

"आजोबा, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"रागावून जाणार कुठे?"

"दादांशी बोला की एकदा. झुरतात हो बिचारे. त्यांच्यासमोर मूग गिळून बसायचं मला आता जड जातंय."

बाबांनी वाटी सरकवल्याचा आवाज आला.

"मी बोललो की तो म्हणेल, बघा, वाचवलं ते बरंच झालं. चार जणांना फोन करून सांगेल. ते मला त्याच्या तोंडून ऐकायचं नाही."

घुम्याला न्हाणीघर आठवलं. बाबांचा भाऊ कित्येक वर्षं अंथरुणात कुजला होता. तेव्हापासून बाबा बजावत आले होते, माझ्यावर ती वेळ आली तर मला पडू दे, धावपळ करू नकोस. घुम्यानं हो म्हटलं होतं. मग झटका आला त्या दिवशी ते न्हाणीघराच्या फरशीवर पडलेले दिसले. धड राहिलेल्या डाव्या हातानं त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली होती आणि दवाखान्यात न्यायला घुम्यानं ती बोटं एकेक करून सोडवली होती. माणूस घाबरला की काहीही धरतो, अशी त्यानं तेव्हा स्वतःची समजूत घातली. समजूत खोटी आहे हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं.

त्यानं कडीवरचा हात काढला. आत्ता गेलो तर बाबा मावशींशीही बोलायचे बंद होतील. तो हळूच जमिनीवर बसला आणि ऐकत राहिला.

संध्याकाळी तो सहज आल्यासारखा कॉटपाशी गेला. "काय बाबा, कसा गेला दिवस?" बाबा छताकडे बघत राहिले. "आज काही नाही हो, दादा," मावशी खाली मान घालून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून घुम्याचा नेम ठरला. सकाळी मावशी मोरीत कपडे भिजवू लागल्या की "येतो बाबा" असं मोठ्यानं म्हणायचं, घराचं दार आतूनच आपटायचं आणि चपला हातात घेऊन अनवाणी आपल्या जागी यायचं. खुर्ची करकरते म्हणून तो सतरंजीवर बसे. पंखे त्यानं आणखी हळू केले. तेवढ्यानं प्रोसेसर तापायला लागला, तेव्हा कामाचाच वेग कमी केला. इमारती रखडल्या, गिऱ्हाइकं शिव्या घालू लागली. घुम्याला त्याचं काही वाटेनासं झालं. पलीकडे बाबा शेजाऱ्यांची नक्कल करत, डाळीत मीठ कमी म्हणून मावशींना चिडवत, तरुणपणी सायकल चोरीला गेली ती हकिगत रंगवून सांगत. ही हकिगत घुम्यानं कधीच ऐकली नव्हती. हसू आलं की तो तोंडात रुमाल कोंबायचा. बापाचं इतकं बोलणं जन्मात त्याच्या वाट्याला आलं नव्हतं, आणि त्यातला एक शब्दही त्याच्यासाठी नव्हता.

एका संध्याकाळी तो चपला घेऊन दबकत बाहेरच्या दाराशी आला. आत्ताच आल्यासारखं दार वाजवायचं तेवढं राहिलं होतं.

"दादा आले नाहीत अजून," मावशी आत म्हणाल्या.

"उशीर होऊ दे," बाबा म्हणाले. "तो आला की मरायला होतं मला."

घुम्या आला तसाच परत गेला आणि सतरंजीवर बसून राहिला. अंधार पडला तरी त्यानं दिवा लावला नाही.