अजून थोडी डावीकडे

"अजून थोडी डावीकडे."

"डावीकडे गटार आहे."

"मग गटाराच्या अलीकडे राहा."

"अलीकडेच आहे मी. याच्या पुढे गटारच."

कॉन्रॅड स्टँडवरच्या कॅमेऱ्याला डोळा लावून वाकले होते. आमच्यात चौदा पावलांचं अंतर होतं आणि अगदी शेजारून कंटेनर धडधडत जात होते. प्रत्येक गाडीबरोबर धुरळा उठायचा, पदर डोक्यावरून उडायचा, आणि तो सारखा करेपर्यंत दुसरी गाडी यायची. सव्वीस जानेवारीची दुपार. कामणच्या रस्त्याला सुट्टी माहीत नसावी.

"डोंगर येतोय का तरी?" मी ओरडले.

"तुझ्या मागेच तर आहे."

मी मागे वळून पाहिलं. मागे निळा पत्रा होता, दोन मजली उंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पत्र्याच्या वर विजेच्या तारा आणि तारांच्या वर डोंगराचा माथा, टोपी ठेवावी तेवढा.

"अहो, मागे गोदाम आहे! डोंगर कुठला?"

त्यांनी कॅमेऱ्यावरून डोकं काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या उजव्या कानाकडे. गेले सहा-आठ महिने त्यांचं हेच चाललं होतं. जेवताना, बोलताना, भांडताना नजर माझ्या कानावर. "तोंडाकडे बघून बोला," मी किती वेळा म्हटलं असेल. चाळीस मुलांच्या वर्गाला मी नजर चुकवू दिली नाही आणि घरात हा प्रकार. वय झालं की काही माणसं तऱ्हेवाईक होतात, तसंच हे, असं मी धरून चालले होते.

हा फोटो आमच्या घरातला नेम होता. कॉन्रॅडनी मुंबईच्या एका छापखान्यात कॅमेरा खात्यात अडतीस वर्षं काढली. औषधांच्या बाटल्यांची लेबलं, लग्नपत्रिका, बिस्किटांचे पुडे. दुसऱ्यांनी काढलेल्या चित्रांचे फोटो काढायचे आणि पुढच्या टेबलाकडे सरकवायचे, हे त्यांचं काम. एकदा मी विचारलं होतं, "तुमचं स्वतःचं काय?" मग चौऱ्याऐंशीच्या सव्वीस जानेवारीला, छापखाना बंद होता तेव्हा, मला सांडोरच्या घरून कामणला घेऊन आले. तिथल्या बळीराम नावाच्या शेतकऱ्याच्या भातखाचरातल्या बांधावर त्यांनी स्टँड रोवला आणि मला चौदा पावलं पुढे उभं केलं. पाठ त्यांच्याकडे, तोंड कामणदुर्गाकडे.

"मी कशाला?"

"माणूस नसला तर डोंगर किती मोठा ते कळत नाही."

तेव्हापासून दर वर्षी तोच बांध, तीच चार वाजताची वेळ, कारण तेव्हा ऊन समोरच्या कड्यावर येतं. मी चौकटीच्या डाव्या कडेला. मध्ये कधीच नाही. "मध्ये उभी राहिलीस तर बघणाऱ्याची नजर तुझ्याशीच थांबेल," ते म्हणत. "कडेला राहिलीस तर तुझ्यावरून बांधावर जाईल, बांधावरून वर डोंगरावर." साडी लाल, कारण जानेवारीत खाचरं पिवळी असतात. तीच साडी. आता तिचा फॉल दोनदा बदलून झालाय आणि घरात तिचं नावच फोटोची साडी पडलंय. आणि फोटो एकच. दुसरा काढायचा नाही. दुसरा काढला की पहिल्यात मन राहत नाही, असं त्यांचं म्हणणं.

घराबाहेर पडायला बंदी होती ते एक वर्ष सोडलं तर एकोणचाळीस फोटो झाले. हॉलच्या भिंतीवर दहा-दहाच्या चार रांगा, शेवटच्या रांगेत शेवटचा खिळा रिकामा. येणारे पाहुणे म्हणतात, "वा, काय डोंगर आहे!" ती लाल साडीतली बाई कोण, हे अजून कोणी विचारलेलं नाही. चर्चमधल्या क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेत सहाव्या ठिकाणी व्हेरोनिका नावाची बाई येशूचा चेहरा पुसते आणि तिच्या फडक्यावर चेहरा उमटतो. उपवासकाळात दर शुक्रवारी ते ऐकताना मला हसू यायचं. माझंही नाव व्हेरोनिकाच. फोटो एकोणचाळीस, आणि चेहरा एकातही नाही.

आमच्या नातीनं, पिंकीनं, एकदा त्यातला एक फोटो फोनमध्ये घेऊन त्यातली विजेची तार बोटानं पुसली. तारेबरोबर मीही गेले. कॉन्रॅडनी फोन हातात घेतला आणि म्हणाले, "बघ, डोंगराचं ढेकूळ झालं." मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

तर आता बांध नव्हता. गेल्या वर्षी खाचराच्या कोपऱ्यांवर चुन्याच्या खुणा दिसल्या होत्या. मी म्हटलंही होतं, पण कॉन्रॅड म्हणाले, "होतील कसल्या तरी." यंदा रिक्षातून उतरलो तर समोर गोदाम. तरी हा माणूस रस्त्याच्या कडेला स्टँड उघडून मला गटारापाशी उभं करतो!

"चला घरी," मी म्हटलं. "यंदा नाही जमायचं. पुढच्या वर्षी दुसरी जागा बघू."

"पुढच्या वर्षी नाही," ते म्हणाले.

"का? पुढच्या वर्षी काय आहे?"

उत्तर द्यायच्या आतच बळीराम आला. त्याचं घर रस्त्यापलीकडेच. पूर्वी कौलारू होतं, आता वर स्लॅब, खाली टेम्पोची शेड. अंगात पांढरा सदरा, त्यावर झेंड्याचा बिल्ला.

"फोटोवाले! बाई! मी सकाळधरनं वाट बघतो. म्हनलं, आज येनार." मग त्यानं स्टँडकडे पाहिलं आणि त्याचा आवाज जरा उतरला. "मी फोन करनार होतो. पन काय सांगू? बांध गेला म्हनून?"

"गेला ना पण," कॉन्रॅड म्हणाले.

"गेला. पोरांनी दिली जागा. मी सही केली, खोटं कशाला बोलू? पावसात चिखल तुडवून माजे गुडगे गेले, फोटोवाले. तुमी वर्साला एक दिवस यायचे."

दोघं म्हातारे एकमेकांसमोर उभे राहिले. मध्ये एक कंटेनर हॉर्न देऊन गेला.

"माज्या गच्चीवर चला," बळीराम म्हणाला. "वरनं दिसतो डोंगर. अख्खा."

मी त्यांचा दंड धरून त्यांना वर नेलं. जिन्याला कठडा नव्हता आणि ते प्रत्येक पायरीवर आधी पाय चाचपत होते. वर पोचलो. डोंगर खरंच दिसत होता, अख्खा. त्याच्या पायथ्याशी निळ्या-पांढऱ्या पत्र्यांची रांगच्या रांग, आडव्या तारा, सिमेंटची धूळ.

"छान दिसतो की," मी म्हटलं. माझा दम गेला होता आणि मला बसायचं होतं.

"उंचावरून डोंगर खाली बसतो," कॉन्रॅड म्हणाले. "आणि तू कुठे उभी राहणार? हवेत?"

"माझ्याशिवाय काढा एकदा!"

"तुझ्याशिवाय नाही."

"का नाही? चाळीस वर्षं पाठ देऊन उभी आहे, कंटाळा आला मला. पाय दुखतात, साडीला डांबराचा वास लागलाय. आता कोणाला मोजून दाखवायचाय डोंगर?"

बळीराम हळूच बाजूला जाऊन टाकीचं झाकण बघत बसला. कॉन्रॅड माझ्या कानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बळीराम, विहीर ठेवली का रे त्यांनी?"

विहीर ठेवली होती. गोदामवाल्यांना पाणी लागतंच. आमचा बांध त्या विहिरीपासून निघायचा. बळीराम आम्हाला फाटकाशी घेऊन गेला. फाटकावर कागदी झेंडे लावलेले आणि आत एक वॉचमन.

"फोटो मना है, आजी. मालिक बोले हैं."

"अरे भाय, ही जागा माजी," बळीराम म्हणाला.

"अब नहीं है ना, काका."

बळीरामचं तोंड एवढंसं झालं. मग तो म्हणाला, "तुला पानी कुठल्या विहिरीचं मिलतं? ती माज्या बापानं खोदली. पाच मिनटं. पाच मिनटात तुजं गोदाम काय पलून जानार नाय."

वॉचमननं आमच्याकडे पाहिलं. लाल साडीतली म्हातारी, गळ्यात जुना कॅमेरा अडकवलेला म्हातारा. "पाँच मिनट," तो म्हणाला आणि आपली खुर्ची सावलीत ओढून बसला.

विहिरीवर जाळी होती. कॉन्रॅडनी तिचा काठ हातानं चाचपला, दगडांवरून बोटं फिरवत दोन पावलं मोजली आणि स्टँड तिथे ठेवला. मी पुढे चौदा पावलं चालले. पायाखाली खाचर नव्हतं, काँक्रीट होतं, आणि ऊन खालूनही लागत होतं. समोर दोन गोदामांच्या मध्ये एक फट होती, आणि फटीत मात्र डोंगर होता. कड्यावर चार वाजताचं ऊन आलेलं. बरोबर वेळेवर.

"उभा फोटो घ्या," मी म्हटलं. "आडव्यात नुसते पत्रे येतील."

आयुष्यात कधी न काढलेला उभा फोटो काढायला त्यांनी कॅमेरा वळवला. मी फटीच्या मध्ये उभी राहिले. दुसरीकडे जागाच नव्हती. पाठ त्यांच्याकडे.

बराच वेळ काही झालं नाही.

"वेरू?"

"काय?"

"कुठे गेलीस?"

"कुठे जाणार? समोर आहे तुमच्या!"

"नाहीस," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता, खिसे तपासताना असतो तसा. "समोर काहीच नाही. थोडी डावीकडे सर बघू."

मी सरले.

"अजून थोडी डावीकडे."

"डावीकडे पत्रा आहे."

"हां. आता आलीस."

मी वळून त्यांच्यापाशी गेले. चौदा पावलं मी इतक्या भरभर कधी चालले नव्हते.

"समोर काहीच नाही म्हणजे काय?"

"मधलं जातंय," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, मधलं जाईल, कडेकडेचं राहील."

"कधी म्हणाले? तुम्ही तर चष्म्याचा नंबर म्हणून गेला होता."

"जूनमध्ये."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर इथे आणलं असतंस का?"

नसतंच आणलं. ते त्यांनाही माहीत होतं. मी काही बोलायच्या आत ते पुन्हा माझ्या कानाकडे बघत म्हणाले, "तोंडाकडे बघ, तोंडाकडे बघ म्हणतेस. तोंडाकडे बघितलं की तोंड जातं, वेरू. कानाकडे बघितलं की दिसतं."

तिकडे बळीराम वॉचमनला त्याच्या गावाचं नाव विचारत होता. मी पदरानं कॅमेऱ्याच्या काचेवरची धूळ पुसली. ती पुसायची गरज होती असं नाही.

"बाजूला उभी राहिले तर माझ्यामागे पत्रा येईल," मी म्हटलं. "डोंगर एका टोकाला जाईल. फोटो बिघडेल तुमचा."

"येऊ दे पत्रा."

"त्यावर नो पार्किंग लिहिलंय."

"किती मोठ्या अक्षरात?"

"माझ्या डोक्याएवढ्या."

ते हसले. कॅमेरा पुन्हा आडवा केला. मी चौदा पावलं गेले, पत्र्यासमोर, डाव्या कडेला. पाठ फिरवली. कड्यावरचं ऊन सरकायला लागलं होतं. मागून कसलाच आवाज येईना. पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. जूनपासूनचे सगळे दिवस माझ्या डोक्यात गर्दी करायला लागले. त्यांचं बोट आमटीत बुडलं तो दिवस, चर्चमध्ये मिस्साला ते चुकीच्या बाकावर बसले तो रविवार, आणि दर वेळी मी काय काय बोलले ते. माझा मलाच राग आला. मी गर्रकन वळले.

"अहो, दिसतेय का मी, का गेले परत?"

खट्ट झालं.

"हललीस," ते म्हणाले.

"हलले. काढा दुसरा."

"दुसरा नाही," ते म्हणाले आणि स्टँडचे पाय मिटायला लागले.

रोल धुऊन यायला दीड महिना लागला. आमच्या ऑस्टिननं, मुलानं, फ्रेम करून आणली आणि शेवटच्या खिळ्यावर लावली. फोटोत अर्ध्याहून जास्त निळा पत्रा आहे. डोंगर उजवीकडे एका फटीत अंग चोरून उभा आहे. डावीकडे मी, लाल साडीत, तोंड उघडं, हात वर केलेला, नो पार्किंगच्या खाली. बाजारात कोणाशी तरी भांडतेय असं वाटतं. मी ऑस्टिनला सांगितलं, हा लावू नको, बाकीच्यांची शोभा जाते. त्याला वडिलांनी आधीच बजावून ठेवलं होतं.

कॉन्रॅड भिंतीजवळ जाऊन उभे राहिले. दोन्ही हात मागे बांधलेले, नजर फोटोशेजारच्या रिकाम्या भिंतीवर, जिथे नुसता चुना आहे.

"आजोबा, फोटो इकडे आहे," पिंकी त्यांचा हात धरायला निघाली.

"राहू दे गं," मी म्हटलं. "बघतायत ते."

"तोंड उघडं आहे का तुझं?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"चिडलीयस?"

"मग काय करणार?"

त्यांनी मान अजून थोडी डावीकडे वळवली आणि त्या रिकाम्या भिंतीकडे बघत उभे राहिले.