इंजिन ऐकणारा

बाफूरने लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवलं, मूठ कानापुढच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. डावा हात त्याने वर केला. गाडी विकायला आलेल्या बोआदीने आत बसून ॲक्सिलरेटर दाबला, हात खाली आला तसा सोडला. असं तीनदा झालं. तेवढा वेळ सिस्टर पोकुआ पर्स छातीशी धरून, परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी कडुनिंबाखाली उभी होती.

बेरेकुममध्ये कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की ती आधी बाफूरच्या अंगणात येई. त्याला गॅरेज नव्हतं. घर, घरापुढे अंगण, अंगणात कडुनिंब आणि त्याच्या फांदीला इंजिन उचलायची साखळी, एवढाच त्याचा कारखाना. ऐन तारुण्यात कुमासीच्या सुआमेत, गॅरेजांच्या वस्तीत, अकरा वर्षं हातोडे आपटून तो इथं परत आला, त्याला आता तीस वर्षं झाली होती. गाड्या, गिरण्यांची इंजिनं, पाण्याचे पंप, जनरेटर, काहीही येवो, तो बॉनेट उघडण्याआधी ऐके. मास्टर बाफूर ऐकतो आणि सांगतो, असं लोक म्हणत.

स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून त्याने हात पुसले.

"शांत आहे," तो म्हणाला. "इंजिन चांगलं आहे, सिस्टर."

पोकुआने सोडलेला श्वास सगळ्या अंगणाला दिसला. ती सुईण होती, सरकारी दवाखान्यातली. आठवड्यातले चार दिवस ती आडगावांत फिरे, कधी पायी, बहुतेकदा कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून. गेल्या वर्षी अडलेल्या दोन बायकांना तिने तशाच मोटारसायकलवरून, आपल्या आणि चालवणाऱ्याच्या मध्ये घट्ट धरून, बेरेकुमपर्यंत आणलं होतं. दोघी वाचल्या. त्या दिवसापासून ती म्हणत होती, तिसरीला असं आणणार नाही.

"मी काय म्हणत होतो?" बोआदी गाडीतून उतरत म्हणाला. त्याच्या शर्टाची इस्त्री कुमासीपासूनच्या प्रवासातही मोडली नव्हती. "थेट परदेशातून आलेला माल. आपल्या रस्त्यांची धूळसुद्धा हिला लागली नाही."

स्वयंपाकघराच्या छपराखाली त्याची बायको ताचिवा उकडलेल्या कसाव्याचं फुफू कुटत होती. तिचं मुसळ थांबलं.

"अहो, मेन्साचे बाबा," तिने हाक मारली. तो वळला नाही. तिने पुन्हा मारली, मोठ्याने. "जरा इकडे या. हे उखळ हलतंय."

बाफूर चिडूनच गेला. उखळ अजिबात हलत नव्हतं. ताचिवा त्याच्या अगदी जवळ सरकली आणि अंगणाकडे पाठ करून म्हणाली,

"ती गाडी किणकिणतेय."

"काय करतेय?"

"किणकिणतेय. तो पाय काढतो ना, तेव्हा. पत्र्याच्या पेल्यात चमचा हलवावा तशी. बारीक आहे, पण आहे."

"तुला इंजिनातलं काय कळतं?"

"इंजिनातलं काही नाही कळत. पण पस्तीस वर्षं तुमच्या इंजिनांच्या आवाजात फुफू कुटतेय. बिघडलेलं कुठलं आणि बरं कुठलं, एवढं कळतं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ताचिवाचा चेहरा भांडणाचा नव्हता. तापलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवताना तिचा जसा व्हायचा, तसा होता.

"कधीपासून?" त्याने विचारलं. गाडीबद्दल नाही, हे तिला कळलं.

"वर्ष झालं असेल. मागचे कोरडे वारे सुटले तेव्हापासून." तिने उखळातला गोळा ओल्या हाताने उलटा केला. "आसांतेंच्या गिरणीचं इंजिन आलं होतं, आठवतं? मी म्हटलं, पट्टा सैल दिसतोय. दिसत नव्हता, वाजत होता. मग त्या शाळेच्या पंपाचं..."

"पंपाचंसुद्धा?"

"तुम्ही पुन्हा बघितलंत आणि दुरुस्त केलंत. मी फक्त पुन्हा बघायला लावलं."

बाफूर छपराच्या खांबाला हात लावून उभा राहिला. वर्षभरात ही बाई त्याच्या कामात किती नाक खुपसायला लागली आहे, असं त्याने मित्रांना हसत सांगितलं होतं. म्हातारपणी बायका अशाच होतात, असंही म्हणाला होता. कडुनिंबावरचे पक्षी कुठे गेले, असा प्रश्न त्याला बरेच दिवस पडला होता. आता त्याने वर पाहिलं. फांदीवर तीन-चार पक्षी होते आणि त्यांच्या चोची उघडत-मिटत होत्या.

अंगणात बोआदी कागद काढत होता.

बाफूर परत गेला. "थांब," तो म्हणाला. "तेल बघायचं राहिलं."

"मास्टर, तेल मी स्वतः बदललंय. परवाच."

"म्हणूनच बघतो."

तो गाडीखाली सरकला. तळाचा बोल्ट सैल करून त्याने थोडं तेल पांढऱ्या बशीत धरलं आणि बोल्ट पुन्हा आवळला. बशी उन्हात नेली. तेल मधासारखं दाट होतं. आवाज दाबण्यासाठी कुणी तरी त्यात दाट औषध ओतलं होतं. त्याने बशी तिरकी केली. तेल सावकाश घसरलं आणि मागे, बशीच्या पांढऱ्यावर, बारीक चमचम राहिली. बोटाने चोळून त्याने ते बोट पोकुआपुढे धरलं.

"सोनं?" ती म्हणाली. ती घाबरली की थट्टा करायची.

"बेअरिंग. आत झिजून तेलात उतरतंय. महिना चालेल, दोन महिने चालेल. मग रस्त्यात कुठे तरी सगळं इंजिन जाम होईल."

"कुठे तरी म्हणजे?"

"ते इंजिन ठरवेल, सिस्टर. तुम्ही नाही."

बोआदीने कागद घडी करून खिशात घातले. "ही बरी तऱ्हा आहे," तो म्हणाला. "पाच मिनिटांपूर्वी हेच इंजिन चांगलं होतं. या दोघी साक्षीला आहेत. कानाला लावून, डोळे मिटून, देवाची प्रार्थना केल्यासारखं ऐकलंत की! मग तेव्हा झोपला होतात काय?"

पोकुआही बाफूरकडे पाहत होती. तिलाही तेच विचारायचं होतं. आवाज तिने ऐकला होता. बाळाच्या ठोक्यांसाठी रोज बायकांच्या पोटाला कान लावणारी बाई ती, बारीक आवाज तिच्या कानांतून सुटत नसत. पण मास्टर म्हणतात शांत, म्हणजे असा आवाज असायचाच असेल, अशी तिने आपली समजूत घातली होती.

उत्तर सोपं होतं. मी नेहमी दोनदा तपासतो, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. चमचमणारी बशी हातात होती, कुणी पुढे विचारलं नसतं. बाफूरने बशी गाडीच्या टपावर ठेवली. बोटं पुसायला लागला आणि पुसतच राहिला.

"झोपलो नव्हतो," तो म्हणाला. "मला ऐकू आलं नाही. माझे कान गेलेत." मग हनुवटीने छपराकडे खूण केली. "तिला आलं."

ताचिवाने मुसळ पुन्हा हातात घेतलं होतं, ते तसंच राहिलं.

बोआदी हसला, पण हसायला कुणी सोबतीला मिळालं नाही. गाडीत बसता बसता तो म्हणाला, "बहिरा मेकॅनिक! कुमासीत सांगितलं तर लोक मला खोटारडा म्हणतील." आणि त्याने सांगितलं असणारच, कारण आठवडा संपायच्या आत ते बेरेकुमच्या बाजारात पोचलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस अंगणात एक जनरेटर आणि फवारणीचा एक पंप, एवढंच आलं. बाफूरने हत्यारं रॉकेलमध्ये धुतली, साखळीला ग्रीस लावलं, धुतलेली हत्यारं पुन्हा धुतली. ताचिवाशी तो कामापुरतं बोलत होता. राग तिच्यावर नव्हता, पण ठेवायला दुसरी जागाही नव्हती. तिने दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा तीही गप्प झाली. एकदा आसांते म्हातारा गिरणीचा नवा पट्टा दाखवायला आला.

"बाफूर! कान गेले म्हणे तुझे?" तो ओरडला.

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं? सगळ्या गावाला माहीत आहे. वर्षभर तुझ्याशी बोलून माझा घसा बसलाय! तुला काय वाटलं, मी रागावून ओरडतो?"

"हो," बाफूर म्हणाला. त्याला खरंच तसं वाटलं होतं. मग दोघेही हसले, म्हातारा खोकला येईपर्यंत. तो गेल्यावर बाफूर बराच वेळ पट्ट्याचं रिकामं वेष्टण हातात घेऊन बसला होता.

सिस्टर पोकुआ एका शुक्रवारी संध्याकाळी आली, दवाखान्याच्या कपड्यांतच, पायांवर लाल धूळ घेऊन.

"उद्या कुमासीला जातेय, गाडी बघायला," ती त्याच्या समोर उभी राहून, शब्द तोडून तोडून म्हणाली. "तुम्ही याल?"

"दुसरे चांगले मेकॅनिक आहेत, सिस्टर."

"आहेत. पण मला ऐकू आलं नाही, असं सांगणारा एकच माहीत आहे मला."

बाफूरने मान खाली घातली. मग उठून छपराकडे गेला. ताचिवा कसाव्याची सालं काढत होती.

"उद्या चर्चला नेसतेस ते कापड नेस," तो म्हणाला.

"शनिवारी? कोण मेलं?"

"कुमासीला जायचंय."

"मी येऊन काय करू?"

तो घुटमळला. पस्तीस वर्षांत तिच्याकडे त्याने मीठ मागितलं होतं, गरम पाणी मागितलं होतं, एकदा आजारपणात खांदा मागितला होता. हे मागणं त्याच्या जिभेला नवं होतं.

"मी बघेन," तो म्हणाला. "तू ऐक."

ताचिवाने सुरी खाली ठेवली. "निळं नेसू की पिवळं?" तिने विचारलं.

कुमासीच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात, मोकळ्या मैदानात दीडशे गाड्या उन्हात तळत होत्या. विकणाऱ्या पोराने निळं कापड नेसलेल्या बाईला अदबीने पत्र्याची खुर्ची दिली. "आई, तुम्ही सावलीत बसा. बाबा बघतील."

"बाबा बघतीलच," ताचिवा म्हणाली. "ऐकणार कोण? तू?"

पहिली गाडी तिने चालू होता होताच नाकारली. दुसरीला तिने बराच वेळ दिला. ॲक्सिलरेटर दाबायला लावला, सोडायला लावला, पुन्हा दाबायला लावला, आणि शेवटी मान हलवली. "रडतेय," ती म्हणाली. बाफूर म्हणाला, इतकं काही नाही, पट्टा असेल. ती म्हणाली, पट्ट्याचं रडणं वेगळं. दोघं भर मैदानात वाद घालू लागली तसं विकणारं पोर आधी हसलं, मग बाफूरने बॉनेटखाली हात घालून पाण्याच्या पंपाचा खिळखिळा झालेला दांडा हलवून दाखवला, तेव्हा ओशाळलं. त्याने तिसरी गाडी चालू केली.

तिसरी दिसायला काही खास नव्हती. रंग उडालेला हिरवा, मागच्या दाराला पोचा. ताचिवा तिच्यासमोर पदर सारखा करत उभी राहिली. एकदा उजवा कान पुढे केला, एकदा डावा. बाफूर तिच्याकडे पाहत होता. इंजिनाकडे त्याने कधी इतकं लक्ष देऊन पाहिलं नसेल.

"काही नाही," ती अखेर म्हणाली. "नुसती चालतेय."

मग तो गाडीखाली गेला. तेल पाहिलं, सांधे पाहिले, ब्रेकच्या नळ्या बोटांनी चाचपल्या, आणि लाल मातीत माखून बाहेर आला. "घ्या," तो पोकुआला म्हणाला. पोकुआ त्या पोच्याकडे पाहत होती. "बाळंतिणी दार बघायला बसणार नाहीत," ताचिवा म्हणाली, आणि व्यवहार झाला.

परतताना पोकुआ गाडी चालवत होती. ताचिवा पुढे बसली होती, कारण तिने ऐकत राहावं असं पोकुआचं म्हणणं पडलं. बाफूर मागे होता. शहर मागे पडलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कोकोच्या बागा सुरू झाल्या. पुढे दोघींचं काही तरी चाललं होतं. मध्येच ताचिवाने हात नाचवले, पोकुआने स्टिअरिंगवर थाप मारली, दोघींचे खांदे हसून हलले. काय झालं, असं विचारायला तो पुढे वाकला आणि न विचारताच मागे टेकला.

आयुष्यात तो कधी गाडीत झोपला नव्हता. बसमध्ये नाही, ट्रकमध्ये नाही, मेन्साच्या लग्नाहून परतताना रात्रभराच्या प्रवासातही नाही. चाकावर कुणी का असेना, इंजिन आपणच चालवतो आहोत असं त्याला वाटायचं. जरा आवाज बदलला की तो सावरून बसायचा. सगळे घोरत असताना तो एकटा अंधारात कान देऊन जागा असे.

ताचिवाने मान वळवून मागे पाहिलं. तिचे ओठ हलले. त्याला वाटलं, ती विचारते आहे, ठीक आहात ना? किंवा खिडकी लावू का? किंवा आणखीच काही. त्याने मान डोलावली. ती पुन्हा पुढे वळली, डोकं किंचित तिरकं करून, जणू कुणाची हाक येतेय.

बाफूरने पाय लांब केले, हात पोटावर ठेवले. अर्ध्या वाटेवरचा सुन्यानीचा फाटा यायच्या आधीच त्याला झोप लागली.