भिंतीपलीकडची ऊब

दारावर टकटक झाली तशी नेव्हेनाने लेकीचा पलंग भिंतीपासून ओढून खिडकीखाली नेला. मगच कडी काढली.

दारात शेजारची त्सोन्काबाई उभी, हातात आंबवलेल्या कोबीची बरणी.

"घे गं. रायनाचा खोकला कसा आहे?"

"बरा आहे, मावशी."

म्हातारीची नजर खोलीभर फिरली आणि पलंगावर थांबली.

"पलंग हलवलास वाटतं?"

"हो, तिला उजेड आवडतो."

म्हातारी मान हलवत गेली. चौकशीला आली होती मेली, कोबी नुसतं निमित्त! शिवणकारखान्यातला पगार रखडू लागला, घर गरम ठेवणाऱ्या कंपनीचं बिल थकलं, आणि नेव्हेनाचे रेडिएटर, खोल्या ऊबदार ठेवणारे ते भिंतीवरचे गरम पाण्याचे नळ, कंपनीने बंद करून टाकले. तेव्हापासून रायना त्या भिंतीला चिकटून झोपायची, कारण पलीकडे म्हातारीचा रेडिएटर होता. इमारतीच्या बैठकीत वरच्या मजल्यावरचा दिम्को सगळ्यांदेखत म्हणालाच होता, "काही लोक आमच्या जिवावर शेकतात!" त्सोन्काबाई तेव्हा गप्प बसली होती. तिने उद्या बिलाचा वाटा मागितला तर कुठून आणायचा?

संध्याकाळी नेव्हेनाने पलंग परत जागेवर लावला. भिंत गारठलेली होती. दुसऱ्या दिवशीही तेच. रायना कोट घालून झोपली आणि रात्रभर खोकली. म्हातारीने डूख धरला, नेव्हेनाची खात्रीच पटली.

शेवटी रिकामी बरणी घेऊन ती तणतणत शेजारी गेली. बरणीत शिष्टाचार म्हणून चार अक्रोड टाकले होते.

त्सोन्काबाई स्वयंपाकघरात बसली होती, अंगात ओव्हरकोट, डोक्याला लोकरी रुमाल. तिची खाटही तिथेच, चुलीला लागून. भिंतीकडच्या खोलीचं दार उघडं होतं. आत एक जुनं कपाट आणि रेडिएटर, बाकी काही नाही.

"त्या खोलीत कोण झोपतं, मावशी?"

"कोण झोपणार? नवरा गेल्यापासून मी इथेच."

"मग तिथला रेडिएटर..."

"बंद केला परवा. पलंग हलवलास ना तू. म्हटलं, आता कशाला उगाच."

नेव्हेनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बरणी अजून तिच्या हातातच होती.

"रायनाच्या डोळ्यांवर येतो उजेड," ती कशीबशी म्हणाली. "पलंग परत भिंतीला लावलाय."

"मग आधी नाही का सांगायचं, वेडे!"

गुडघ्यावर हात टेकत म्हातारी उठली आणि ओव्हरकोटाची बटणं लावत रेडिएटर सुरू करायला त्या गार खोलीत शिरली.