शंखू ज्यातून बघायची तो मी

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. दोन डोळ्यांचा. सध्या माझा मुक्काम कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, कपाटाच्या माथ्यावर आहे. एका बाजूला मोडका पंखा आणि दुसऱ्या बाजूला रिकामी खोकी. पंखा बोलत नाही आणि खोक्यांकडे बोलण्यासारखं काही नाही. म्हणून म्हटलं, तुम्हालाच सांगावं.

माझी भिंगं घासणारा कारागीर मोठा तिरसट होता. एका भिंगावर इवलासा ओरखडा दिसला, तर त्याने ते खुशाल फेकून दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून घासायला घेतलं. मी तयार झालो तेव्हा त्याने माझ्याखाली स्वतःचाच अंगठा धरला, बराच वेळ पाहिलं आणि तो “हं” म्हणाला. कारखान्यातले लोक सांगायचे की याहून मोठी शाबासकी त्याच्या तोंडून कधी निघाली नव्हती. तेव्हापासून माझ्या डोक्यात जी हवा शिरली, ती काही केल्या गेली नाही.

कॉलेजात माझं खोकं बाईंनी उघडलं. त्या नुकत्याच शिकवायला लागल्या होत्या. त्यांनी मला खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं आणि साऱ्या वर्गाला दम भरला, “याच्या भिंगाला कुणी खिशातला रुमाल लावलेला दिसला, तर कान उपटीन!” मग एका मऊ ब्रशने त्यांनी माझ्यावरची धूळ झाडली. असं कुणी आपल्यासाठी भांडलं की आयुष्यभर त्याचं व्हायला होतं. मी बाईंचा झालो.

पुढे कितीतरी मुलं माझ्यासमोर बसून गेली. बरीचशी परीक्षेपुरती बघायची. एकाने तर हवेच्या बुडबुड्याचं इतकं सुरेख चित्र काढलं आणि त्यात एवढे अवयव दाखवले, की बाईंना हसू आवरेना. माझी एक खोड होती, तिच्यामुळेही मुलं वैतागायची. प्रत्येकाचे डोळे वेगळे. त्यामुळे बसणाऱ्याला माझ्या दोन्ही नळ्या आपल्या डोळ्यांपुरत्या जुळवून घ्याव्या लागतात. आधीच्याला लख्ख दिसलेलं पुढच्याला धूसर दिसतं. बाई पहिल्या तासाला हेच शिकवायच्या. “मला दिसलं म्हणून तुला दिसेल असं नाही. तुझं तू जुळव.” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन.

मग ती आली. वडील बस चालवायचे. मुलगी अबोल, किडकिडीत, आणि कुणी न सांगता प्रयोगशाळेतली माशांची टाकी घासायला घेणारी. घासता घासता तिला काचेला चिकटलेला एक चिकट, पारदर्शक गोळा सापडला. पाणगोगलगायीची अंडी होती ती. तिने ती काचेच्या बशीत घालून माझ्याखाली ठेवली, माझ्या नळ्या जुळवल्या, आणि ओरडलीच.

“बाई, हे फिरतंय! अंड्याच्या आत, आतल्या आत गोल गोल फिरतंय!”

“मग? तू काय आईच्या पोटात हाताची घडी घालून बसली होतीस?” बाई म्हणाल्या.

पण त्या उठून आल्या, त्यांनीही पाहिलं, आणि दोघी डोकी जवळ आणून लहान मुलींसारख्या हसत राहिल्या. अंड्यातलं गोगलगायीचं पिल्लू खरोखरच फिरत असतं, मित्रांनो. त्या दिवसापासून मुलगी माझ्यासमोरून हलेना. वर्गातली मुलं तिला ‘शंख’ म्हणून चिडवू लागली, आणि कुणाला शंख म्हणणं म्हणजे काही कौतुक नव्हे. बाईंनी त्याचंच ‘शंखू’ केलं. मग तिला ते नाव आवडायला लागलं.

एकदा तिला टाकीत एक वेगळी गोगलगाय दिसली. बाकी सगळ्यांचे शंख उजवीकडे वळलेले, हिचा डावीकडे. शंखूने पुस्तकं पालथी घातली. तिला कळलं की या जातीत पिल्लाचा शंख कुठे वळणार हे पिल्लाच्या हातात नसतं, ते आईवर ठरतं. आईचा शंख बाहेरून कुठे वळलेला दिसतो यावरही नाही, तर तिच्या आत पिढीजात काय दडलेलं आहे यावर. पण अंड्यात नेमकं कोणत्या क्षणी, कशाने वळण लागतं? तिला तेच शोधायचं होतं. दुसरं काही नाही. नोकरी, लग्न, परदेश, कशाचं नाव काढलं तरी ती म्हणायची, “आधी हे बघू दे ना.” मला ती पोटच्या पोरीसारखी वाटायची. यंत्राला पोट नसतं हे मला कळतं, तरीही.

एमएस्सीचं शेवटचं वर्ष आलं आणि माझ्या शेजारच्या टेबलावर पीएचडीचे अर्ज सुरू झाले. बाई तिच्यापेक्षा जास्त उत्साहात. एका मोठ्या संस्थेचं नाव त्यांच्या ओठांवर सारखं असायचं. तरुणपणी त्यांना स्वतःला तिथे जायचं होतं. घरून पाठवलं नाही. हे त्यांनी मुलांना कधी सांगितलं नव्हतं, पण प्रयोगशाळेत एकट्या असल्या की त्या माझ्याशी बोलत.

अर्जासोबत ‘मला हे का शिकायचं आहे’ असा एक निबंध द्यायचा होता. शंखूने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की मी एका अंड्यात पिल्लू फिरताना पाहिलं आणि त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नाही. बाईंनी ती ओळ खोडली.

“फार बालिश वाटतं गं. तिथे भारदस्त लिहावं लागतं.”

“पण खरं तेच आहे, बाई.”

“खरं असू दे. अर्जात शोभत नाही.”

शंखूने मान डोलावली. मी आडवा यायला हवा होतो. पण मी टेबलाला स्क्रूने बसवलेला, येणार कुठे?

तिला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक त्या मोठ्या संस्थेचं. दुसरं एका लहानशा विद्यापीठाचं. ती दोन्हीकडे जाऊन आली आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून बाईंना सगळं सांगू लागली. लहान विद्यापीठात एक पिकल्या केसांच्या मॅडम होत्या. त्यांच्या व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या टबांची रांग आणि टबांमध्ये नुसत्या गोगलगायी. इंटरव्ह्यू म्हणजे काय, तर मॅडमनी तिला रबरी चपला दिल्या, पाणी बदलायला लावलं आणि नंतर विचारलं, “काय काय दिसलं?” दोघी दुपार उलटेपर्यंत बोलत बसल्या होत्या. हे सांगताना शंखूचे हात हवेत नाचत होते.

“आणि तिथे? मोठ्या ठिकाणी?” बाईंनी अधीर होऊन विचारलं.

“तिथलं सगळं चकाचक आहे, बाई. बघतच राहावं असं. पण तिथली मुलं मला कँटीनमध्ये घेऊन गेली. म्हणाली, पहिलं वर्षभर आळीपाळीने तीन प्रयोगशाळांमध्ये काम करायचं. वर्षाअखेर त्यांपैकी कुणीतरी ‘ये’ म्हणायला हवं. कुणी नाही म्हणालं, तर बाहेर. आणि ज्या सरांचं गोगलगायींवरचं काम वाचून मी तिथे अर्ज केला ना, त्यांनी गोगलगायी कधीच सोडल्या म्हणे. ते आता नवीन कुणाला घेतच नाहीत.”

“मुलांना रडगाणं गायची सवयच असते. तू तिथे पोच तर खरी. तुझं काम बघितलं की सर आपणहून बोलावतील.”

“मी सरांनाच एकदा विचारू का? मला घ्याल का म्हणून?”

“पाय ठेवायच्या आधीच? अगं, बरं दिसतं का ते! त्यांना वाटेल, ही कोण लागून गेली.”

इथेच चुकलं, मित्रांनो. बाई दुष्ट नव्हत्या. त्यांच्या काळी मोठ्या माणसाला असा प्रश्न विचारणं म्हणजे आगाऊपणा समजला जायचा. संस्थेचं नाव बघायचं, प्रवेश मिळाला की हात जोडायचे आणि पुढचं पुढे. पण या कामात माणूस संस्थेत शिकत नाही. तो एका गाइडच्या हाताखाली, एका खोलीत, वर्षानुवर्षं शिकतो. ती खोलीच नसेल, तर इमारत घेऊन काय करायचं?

शंखूने घरी विचारलं. वडील म्हणाले, “बाई म्हणतील ती पूर्व दिशा. आम्हाला त्यातलं काय कळतंय!” दोन्हीकडे निवड झाली, आणि होकार कळवायचा शेवटचा दिवस आला. तिने माझ्या शेजारी बसून मोठ्या संस्थेला हो कळवलं आणि व्हरांड्यातल्या मॅडमना नाही कळवलं. नाही लिहायला तिला फार वेळ लागला. बाईंनी सगळ्या स्टाफला पेढे वाटावेत तसा आनंद वाटला. शंखू हसत होती. पण तिने त्या दिवशी माझ्यातून एकदाही पाहिलं नाही, हे फक्त मला ठाऊक.

ती गेली. मधूनमधून तिचा फोन यायचा. बाई स्पीकर लावून काम करत, म्हणून मलाही ऐकू यायचं. सुरुवातीला ती भरभरून बोलायची, वाचनालय असं आहे, मैत्रिणी तशा आहेत. मग एकदा म्हणाली, “बाई, सर भेटले. चांगले आहेत हो. पण म्हणाले, आधी विचारलं असतंस तर सांगितलं असतं, माझ्याकडे जागा नाही.” बाईंचा हात थांबला. “अजून दोन प्रयोगशाळा आहेत ना,” त्या म्हणाल्या.

होत्या ना. एकीत तिला वर्षानुवर्षं एकाच प्रथिनाच्या मागे लागलेल्या गटात बसवलं. दुसरीत पेशी वाढवायच्या होत्या. तिने मान मोडून काम केलं. पण ज्याला जे शोधायचं नसतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतंच. वर्ष संपलं तेव्हा कुणीच ‘ये’ म्हणालं नाही. कुणी वाईटही बोललं नाही. सगळे म्हणाले, मुलगी गुणी आहे, पण आमच्याकडे बसणारी नाही.

शंखूने धीर करून व्हरांड्यातल्या मॅडमना फोन केला. त्या तिला विसरल्या नव्हत्या. म्हणाल्या, “बाळ, मी निवृत्त झाले. माझ्या हाताखाली एक शेवटची जागा होती, ती तुझ्यासाठीच होती. आता टबसुद्धा रिकामे केलेत.” हे शंखूने बाईंना सांगितलं. मग फोन ठेवल्याचा आवाज आला. माझं काळीज तुटलं. काळीज कुठे असतं ते मला विचारू नका.

याच सुमारास प्रयोगशाळेत मोठ्या पडद्याचा नवा सूक्ष्मदर्शक आला. त्याच्यासमोर सगळा वर्ग एकदम बघू शकतो, डोळे जुळवायची कटकट नाही. मुलं तिकडे वळली. बाईंनी मात्र मला खिडकीतून हलू दिलं नाही.

मग एका सकाळी शंखू कॉलेजच्या ऑफिसात कसला तरी दाखला न्यायला आली. तिला विम्याच्या कचेरीत नोकरी लागली होती. ती वर येणार हे कळल्यावर बाईंची धांदल उडाली. त्यांनी टाकीतून ताजी अंडी काढली, माझ्याखाली ठेवली, स्टूल पुसलं. शंखू आली. केस बांधलेले, खांद्याला पर्स, चपला नव्या. मला ती ओळखू आली नाही, असं म्हणायचं होतं. पण मी लगेच ओळखलं.

“बघतेस? फिरायला लागलेत,” बाई म्हणाल्या.

“नको बाई. हाफ डे टाकून आलेय. पोचायला हवं.”

“माझं चुकलं गं. मी तुला विचारू द्यायला हवं होतं.”

“तसं नाही हो. मीच विचारायला हवं होतं.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. तिने बाईंच्या हातावर हात ठेवला, तब्येतीला जपा म्हणाली, आणि गेली. जिन्यावरची तिची पावलं थांबतील म्हणून मी कान देऊन होतो. ती थांबली नाहीत.

बाई माझ्यासमोर बसल्या. त्यांनी माझ्या नळ्यांना डोळे लावले आणि त्या तशाच बसून राहिल्या. वर्ग भरायची वेळ झाली, मुलं दारात घुटमळली, तरी त्या उठल्या नाहीत. सकाळी अंडी बघून मालवलेला माझा दिवा त्यांनी पुन्हा लावलेलाच नव्हता. आत सगळा काळोख होता, आणि त्या काळोखाकडेच त्या बघत होत्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाई निवृत्त झाल्या आणि मला उचलून इथे ठेवण्यात आलं.

मित्रांनो, माझी धूळ झाडा असं गाऱ्हाणं मी घालणार नाही. माझे दिवस झाले. पण तुमच्यापैकी कुणी उद्या असं शिकायला निघाल, तेव्हा जाण्याआधी विचारा. तिथे राबणाऱ्या मुलांना विचारा, आणि ती जे सांगतील त्यावर विश्वास ठेवा. ज्यांच्या हाताखाली शिकायचं त्यांनाही विचारा, मला घ्याल का, मला जे शोधायचंय ते तुमच्याकडे शोधता येईल का. वाईट दिसलं तर दिसू दे.

आणि कधी विम्याच्या कचेरीत गेलात, आणि काउंटरमागे मान खाली घालून शिक्के मारणारी एक किडकिडीत बाई दिसली, तर तिला शंखू म्हणून हाक मारू नका. ते नाव बाईंचं होतं. तिला एवढंच विचारा, की तुला काय शोधायचं होतं? उत्तर द्यायला तिला वेळ लागेल. मागे रांग खोळंबली तरी थांबा.