विटांवरचे अंगठे

मेरीलँडमधल्या हॅलोवे इस्टेटीचं घर उभं राहायला तीन वर्षं लागली. साहेब बाल्टिमोरला आपल्या गलबतांच्या व्यापात. बांधकाम, माणसं, पैसा, सगळं थिओडोशियाबाई बघत. मी त्यांचा कारभारी. चुना किती, खिळे किती, कुणाला किती डॉलर, सगळं माझ्या वहीत. त्या वहीचा मला भारी तोरा होता.

विटा पाडायचा क्वाको, बाईंचा गुलाम. दिवसाला नेमून दिलेल्या दोन हजार पाडल्या की वरच्या विटा त्याच्या; हजाराला दोन डॉलर मिळत. त्या पैशांतून त्याला बायकोला, डायनाला, सोडवायचं होतं. तिचा मालक शेजारचा, आणि नाताळनंतर तो तिला दूर जॉर्जियात विकणार होता. क्वाकोला चाळीस डॉलर कमी पडत होते. या उन्हाळ्याचं त्याचं येणंही तेवढंच.

पण वहीत ते नव्हतं. भट्टीच्या गडबडीत मी सगळ्या विटा एकाच रकान्यात चढवल्या होत्या. चूक माझीच होती, पण कबूल करायला जीभ रेटेना.

"वहीत नाही ते मी साहेबांना कसं दाखवू, क्वाको?" बाई म्हणाल्या.

"वही राहू द्या, बाईसाहेब. जरा भिंतीपाशी चला."

मी कुरकुरत मागून गेलो. दिवस कलला होता, पश्चिमेच्या भिंतीवर तिरपं ऊन होतं. क्वाकोने एका विटेच्या टोकावर बोट ठेवलं. तिथे अंगठ्याचा ठसा होता. नेमलेल्या दोन हजारांवरच्या प्रत्येक विटेवर, ती ओली असतानाच, तो अंगठा दाबायचा.

शेजारी आणखी एक ठसा दिसला, त्याच्या वर आणखी एक. नजर सरावली तसे थेट छपरापर्यंत ठसेच ठसे. या उन्हाळ्यात ही भिंत उभी राहत असताना मी दिवसातून दहादा इथून गेलो होतो. मी आपसूक टोपी काढली. एका माणसाने, एकेक अंगठा दाबत, आपल्या बायकोसाठी एवढं उभं केलं होतं, आणि आम्ही त्याला आमचं घर म्हणत होतो.

बाईंनी हातभर चौकटीतले ठसे मोजून अख्ख्या भिंतीचा गुणाकार केला. दिसणाऱ्या चौदा हजार भरल्या.

"उरलेल्या सहा हजार भिंतीच्या पोटात असतील," त्या माझ्याकडे वळल्या. "त्या मोजायला घर पाडू का, कारभारी?"

"नको बाई. चूक माझी आहे," मी म्हणालो.

नाताळच्या आधी डायना सुटली. येताच तिने त्या भिंतीवरच्या एका ठशात आपला अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

नव्या वर्षाला मी इस्टेटीच्या मालमत्तेची यादी केली. घर, मग बैल, आणि बैलांच्या खालच्या ओळीत, माझ्याच हाताने, क्वाको.